काळी चार ते काळी दोन

दस्तगीर मिस्त्री आले ते पिशवीत सगळं घेऊनच:
मेण, मलमलीची चिंधी, बोटाएवढी हातोडी
आणि उद्यमनगरात कुणाच्या लेथवर
फुकटात कातून घेतलेला पितळी शंकू.
पेट्या त्यांनी हजार लावल्या असतील,
नळ्यांचा ऑर्गन पहिलाच.
चपला दाराशी काढल्या, मान वर केली,
"हे तर बासऱ्यांचं कपाट हाय की वो ताई."
दोनशे सोळा नळ्या, मी म्हटलं.
आकड्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं,
ते भात्याचा श्वास ऐकत होते.

कमिटीचा ठराव असा होता:
ऑर्गन कीबोर्डशी जुळत नाही,
लग्नाला आलेली पोरं हसतात,
तरी सर्व पट्ट्या एकसारख्या करून घ्याव्यात.
सूचक, अनुमोदक, चहा.

मी पांढरी एक दाबून धरली, मग पांढरी तीन.
मिस्त्रींनी हात वर केला.
पंखा बंद करा.
केला.
रस्त्यावरून दुधाच्या किटल्या खडखडत गेल्या,
त्याही जाऊ दिल्या.
मग पुन्हा.
दोन नळ्या, आणि मध्ये
थरथर नाही, लाट नाही,
कुणी पहिला दगड टाकण्याआधीचा
पहाटेचा रंकाळा.
"ह्यो तंबोऱ्यातला गंधार.
कुणी छेडत न्हाई, आपसूक येतो, त्यो.
ह्या विलायती कपाटात कुणी कोंडला?"

माझ्या वडिलांनी.
शांतवन मास्तर, शाळेत भूगोल शिकवायचे,
शनिवारी दुपारी शिडीवर चढायचे.
मी खाली बसून एकेक पट्टी धरायची,
"सोडू नको, सोडू नको,"
बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत.
ते हे कुठं शिकले
विचारायचं राहून गेलं.

मिस्त्रींनी फरशीवर खडूनं बारा ठिपके काढले.
गंधार खरा हवा
तर प्रत्येक पंचमानं केसभर उतरायचं.
अकरा जणांनी आपापला केस दिला.
ते केस गेले कुठं?
"सापडतील की," म्हणत
जोडी जोडी दाबत गेले,
आणि काळी चार ते काळी दोन

तिथं लांडगा होता.

असा ओरडला की वॉचमन सिदाप्पा
काठी घेऊन धावत आला.
मिस्त्री हसले, गालातल्या गालात.
"घरात बारा माणसं. अकरांचं जमावं
म्हणून एकाला परड्यात बांधलाय.
आता कमिटी म्हणती, सोडा त्याला,
त्याचं ओरडणं सगळ्यांत सारखं वाटा.
वाटतो. मग कुणी ओरडणार न्हाई.
पण खरं बी कुणी बोलणार न्हाई."

वडिलांच्या गीतांच्या वहीत
काही गीतांपुढं बारीक पेन्सिल आहे:
"खाली घ्या. काळी चारला जाऊ नये."
मला वाटायचं, म्हाताऱ्या बायकांचा आवाज
वर जात नाही, म्हणून.

आईच्या दफनाच्या दिवशी
त्यांनी त्यातलंच एक वाजवलं.
खाली न घेता.
मी नऊ वर्षांची.
वाटलं, ऑर्गन बिघडला.

काम अजून झालेलं नाही.
थंडीत फोन केला: थंडीत नळ्या उतरत्यात ताई.
उन्हाळ्यात: उन्हात चढत्यात.
पावसाळ्यात: भात्याचं चामडं ओलं, आत्ता नगं.
आगाऊ दिलेले दोन हजार
त्यांनी मुलाच्या हाती परत पाठवले, सगळे सुटे,
पन्नास-पन्नासच्या नोटा, मेणाचा वास असलेल्या.
ठराव बुकात आहे तसाच.

रविवारी मी अकरा खोल्यांतून फिरते.
बाराव्या दाराशी करंगळी थांबते.
पण कधी लोक गेल्यावर,
बाकांवरची पुस्तकं गोळा करून झाल्यावर,
पंखे बंद करते
आणि काळी चार धरून ठेवते,
मग काळी दोन.

सिदाप्पा आता धावत येत नाही.