बिनशिदोरीचं बी

बातूच्या चढावर, अर्जुनो डोंगराच्या कुशीत
आमची नर्सरी.
मी काचेच्या खोलीत बसते, तोंडाला मास्क,
हात कोपरापर्यंत स्पिरिटने धुतलेले.
माझं काम मारायचं:
हवेतलं, चिमट्यावरचं, माझ्याच श्वासातलं
जे जे दिसत नाही ते.
मग बाटलीतल्या साखरेच्या जेलीवर
ऑर्किडचं बी भुरभुरायचं.
एका शेंगेत लाखभर.
शिंक आली की गेलं.

बी कसलं, धूळच.
हरभऱ्याला निदान दोन डाळी असतात,
पोटाची सोय करूनच आई त्याला घराबाहेर काढते.
याच्याकडे शिदोरी नाही.
रानात हे सालीवर पडतं आणि वाट बघतं
एखादी बुरशी येईल, आत शिरेल, भरवेल.
नाही आली तर तिथेच.
बाटलीत भरवणारी मी.
साखर देते. बुरशी देत नाही.

दीड वर्षाने रोपं बाहेर काढली, चाळीस ट्रे.
आठव्या दिवशी पानांच्या बेचक्यात काळं पाणी.
मालक पाक विनोतो फवारत राहिले,
निळं औषध, मग पांढरं, मग महाग.

वागियेम तेव्हा वाटा झाडायची.
आधी ती जामू विकायची, हळद-चिंचेचा, आल्याचा, कचोऱ्याचा,
पाठीवरच्या झोळीत सात बाटल्या.
गुडघे गेले, हातात झाडू आला.
ट्रेवर वाकून म्हणाली,
"यांना विरजणच लागलेलं नाही गं."

तिने बादली मागितली, काकवी मागितली,
आणि माशांच्या टाकीचा पंप.
कब्रस्तानामागच्या बांबूच्या बुडातून
पांढऱ्या जाळीसकट माती खरवडून आणली,
शेळीच्या लेंड्यांचं मुरलेलं खत घेतलं,
जुन्या कबायाच्या बाहीत बांधलं
आणि पाण्यात सोडलं.
बादली रात्रभर गुडगुडली.

दोन वाजता वीज गेली.
सकाळी गटाराचा वास.
"मेलं का?" मी विचारलं.
"जिवंत आहे," ती म्हणाली, "पण भलतंच."
लांब केळीखाली ओतून आली, बादली घासली.
दुसऱ्या रात्री सायकलचा पंप मांडीवर घेऊन बसली.
वीज गेली नाही.
तरी बसली.

या वेळी वास आला अळंबीचा,
आणि थोडा, खरं सांगते, माझ्या आजोळच्या विहिरीचा.
एकाला दहा पाणी, वाळक्या गवताच्या रंगावर आणायचं,
उन्हाआधी, फक्त मुळांना.
"शेंड्यात थेंब राहू देऊ नकोस."

त्या बादलीचा एक थेंब माझ्या खोलीत आला
तर माझ्या सगळ्या बाटल्या गेल्या.
म्हणून दिवसातून दोनदा अंघोळ, दोनदा कपडे,
दोन सवतींच्या घरी कामाला असल्यासारखी.

तीन महिन्यांनी एक मूळ चिरून भिंगाखाली धरलं.
पेशीत धाग्याची गुंडी, लोकरीसारखी.
बादलीतून आली की सालीतून, की वाऱ्याने,
मला सांगता येणार नाही.
झाड म्हणे तिलाच हळूहळू पचवतं.
कोण कोणाला जेवू घालतंय,
पुस्तकांचं एकमत नाही.

पस्तीस ट्रेंना चहा पाजला, सव्वीस वाचले.
तुलनेला ठेवलेल्या पाचांतले दोनही वाचले, लबाड.
पाक विनोतो गिऱ्हाइकांना सांगतात,
नवा पंखा बसवला, त्याचा गुण.
वागियेम पंख्याखाली झाडते.

काल तिने माझ्यापुढे पेला धरला,
पिवळा, गढूळ, वर फेस.
"पी. तुझ्या अंगाला फार स्पिरिटचा वास येतो."
मी मास्क हनुवटीखाली ओढला.
कुठल्या बादलीतला, विचारलं नाही.