आकडा

हमालाच्या हातातल्या लोखंडी हुकाला
आमच्या सांगलीच्या पेठेत आकडा म्हणायचे.
पोत्याच्या कानात खुपसायचा, हिसका द्यायचा,
आणि पाठ खाली घालायची.
दुसरा आकडा माझ्याकडे, वहीत.
मी मगदूमांच्या अडतीवर दिवाणजी.

त्या साली माघात हुकूम आला:
गाळ्यागाळ्यात साहेबांची तसबीर लावा,
नजरेच्या उंचीवर. हार रोज ताजा.
आमच्या भिंतीला खिळा एकच.
संध्याकाळी चौदा आकडे त्यावर टांगलेले असत
वाळत घातलेल्या मासळीसारखे.
ते उतरवून तसबीर लावली, मीच.

दस्तगीर नायकवडी म्हणाला,
"भिंत त्यांची, दिवाणजी. खिळा तरी आमचा ठेवा."
सगळे हसले. मीही.
तेव्हा हसण्याचीही नोंद होत होती,
ती कोण करत होतं ते अजून ठाऊक नाही.

दस्तगीरला रात्री नेलं.
चौथ्या दिवशी हरिपूरच्या रस्त्याला
चिंचेखाली बसलेला सापडला.
बोटं मिटत नव्हती त्याची.

मग पेठ थांबली.
कुणी सांगितलं नाही, पत्रक निघालं नाही.
सौदा सुरू व्हायच्या वेळी
पोती जिथल्या तिथं, आणि माणसं रस्त्यात.
घोषणा कुणाला येत नव्हत्या.
तायाप्पा ऐवळे ओरडला, "खिळा आमचा!"
मागनं पाचशे गळे, "खिळा आमचा!"
ऐकणाऱ्याला हसू यावं अशी मागणी.
पुलाच्या बाजूनं आलेल्यांना हसू आलं नाही.

गोळ्या आधी भुकटीच्या पोत्यांत शिरल्या.
बोळ पिवळा झाला, पार गच्चीपर्यंत.
कोण खोकून पडलं, कोण गोळीनं,
भुकटी खाली बसेपर्यंत कळेना.
ती बसायला फार वेळ लागला.

मग दारोदार: "तळहात दाखवा."
पिवळा असेल तो गाडीत.
कुणी राखेनं घासले, कुणी रॉकेलनं,
एकानं फरशीवर, कातडं जाईपर्यंत.
हळद निवडणारी मल्लव्वा आपणहून पुढं आली,
"माझे बी बघा की.
लग्नात लावलेली कवाच गेली, ही जाईना."
तिलाही घातलं.
माझ्या बोटांना शाई होती, निळी.
मला सोडलं.

रात्री फौजदार आणि मामलेदार
आमच्याच गादीवर टेकले. चहा मी आणला.
हळदीचा भाव ठरवायचा रुमाल तिथंच पडला होता.
फौजदारानं गमतीत त्याखाली हात घातला,
मामलेदारानंही.
बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली.
"तीन," म्हणाले.
"बाकीच्यांपुढं गैरहजर लिहा."
लिहिलं.
माझं अक्षर चांगलं आहे,
शाळेत बक्षीस मिळालं होतं त्यासाठी.

खिळ्यावरनं उतरवलेले चौदा आकडे
मी तेलाच्या डब्यात ठेवले होते.
पेठ उघडली तशी पाच जण येऊन आपापले घेऊन गेले,
बघून नाही, चाचपून.
बाकीच्यांची वाट बघितली.
दिवाळीला डब्याला झाकण लावलं.

साहेब गेले, तसबीर गेली.
भिंतीवर चौकोन राहिला, आजूबाजूपेक्षा उजळ.
वर खिळा.
त्यावर आता कॅलेंडर असतं, बी-बियाण्याच्या कंपनीचं.

परवा कॉलेजातला एक मुलगा वही घेऊन आला.
"आजोबा, नक्की आकडा किती?"
फळीवरनं डबा काढायला त्यानंच मदत केली.
झाकण गंजलेलं, उचकटावं लागलं.
तो मोजायला लागला तसं मी म्हटलं, थांब,
हातात घेऊन बघ.
लाकडी मूठ प्रत्येकाची वेगळी झिजलीय,
कुणाचा अंगठा खोल, कुणी डावखुरा.

त्यानं एक उचलला.
इकडून धरला, तिकडून धरला. बसेना.
"हा कुणाचा?"

मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.
मी वही उघडली.