न जळणारा बडग्या

पोळ्याला अकरा दिवस होते
तेव्हा सातवी ब म्हणाली, मॅडम, आपण पण बडग्या करू.
कशाचा? विचारलं मी.
पन्नीचा, म्हणाला मागच्या बाकावरून राजस हेडाऊ,
जणू उत्तर खिशातच होतं.

खिशातच होतं.
खर्रा घोटून चुरगळलेली पन्नी,
चुन्याचा वास, कडेला गुंडाळलेलं रबर.
"आमच्या ठेल्यावरची. बाबा दिवसाला तीनशे घोटतात."
वर्ग हसला.
तो नाही हसला.

मग अकरा दिवस आमची शाळा वाकून चालली.
महालातल्या गल्लीत, नाल्याच्या भिंतीशी,
पोह्यांसोबत आलेली तर्रीची पन्नी, गाठीसकट,
दुधाच्या पिशवीचा कापलेला एवढासा कोपरा,
संत्र्यांच्या लाल जाळ्या,
कोणाच्या तरी वाढदिवसाचं चमचमतं "अभिनंदन".
रेवनाथजींनी नाल्यातून काठीनं ओढून काढलं
एक लांबलचक काहीतरी,
त्याला नाव देता आलं नाही कोणाला.
खुद्द मुख्याध्यापक, मणक्याचा पट्टा लावून,
फाटकाशी वाकले,
चॉकलेटचा कागद उचलला
आणि इकडंतिकडं बघत खिशात टाकला.

बांबू दिले वंशिका मौंदेकरच्या आजोबांनी.
शिवण घातली शमाच्या अम्मीनं, गोणपाटाच्या सुईनं.
पोट भरता भरता संध्याकाळ झाली.
डोळे म्हणून दोन बाटल्यांची बुचं, एक निळं, एक हिरवं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मिरवणुकीच्या मागं
आमची छोटीशी.
पोरं ओरडत होती, घसा फाटेस्तोवर,
पन्नी पिशवी घेऊन जा गे मारबत!
जिलबीवाल्यानं थांबून टाळ्या वाजवल्या
आणि गिऱ्हाइकाला जिलबी दिली
पन्नीत.

मैदानावर रेवनाथजींनी काडेपेटी काढली.
तेव्हा तिसरीतली एक चिमुरडी, नाव मला ठाऊक नव्हतं,
म्हणाली, याचा धूर काळा असते न, मॅडम?

अकरा दिवसांत हे कोणालाच सुचलं नव्हतं.
मलाही नाही.
आणि मी विज्ञान शिकवते.

काडेपेटी परत खिशात गेली.
कबाडीवाला आला, बोटानं टोचून बघून गेला.
"दुधाच्या पिशव्या द्या वेगळ्या काढून.
खऱ्र्याची पन्नी कोनी घेत नाही, बाई."
मारबत म्हणे पीडा गावाबाहेर घेऊन जाते.
आमची पीडा चौघांच्या खांद्यावर
शाळेतच परत आली.

तेव्हापासून तो सायकल स्टँडमध्ये उभा आहे.
दिवाळी झाली, सहामाहीचे पेपर झाले,
थंडीत त्याच्या पायाशी मांजरीनं पिल्लं घातली.
पोरांच्या पँटी आखूड झाल्या,
तो तेवढाच, तसाच, एक डोळा निळा.
येताजाता जे सापडेल ते त्याच्या पोटात कोंबतात
आणि हजेरीच्या शेवटी त्याचाही नंबर घेतात.
एकही दिवस गैरहजर नाही.

फेब्रुवारीत पालकसभेला राजसचे बाबा आले.
सभेत बसले नाहीत.
त्याच्यासमोर उभे राहिले बराच वेळ,
मग पोटातून डोकावणारं एक रबर बोटानं ओढून पाहिलं.
"हा दोन येढ्यांचा पीळ माझाच आहे," म्हणाले.
मी काही बोलले नाही. शिकवायची सवय आवरली.

आता ते म्हणे दिवसभर एकाच जाड पन्नीवर घोटतात,
गिऱ्हाइकाला कागदाच्या पुडीत देतात.
"खर्रा सोडा म्हणून नाही ऐकलं, मॅडम," राजस सांगतो,
"हे ऐकलं."
थोडी गिऱ्हाइकं पलीकडच्या ठेल्यावर गेली.
तेही सांगतो, खाली बघून.

यंदा पोळा जवळ आला,
नव्या सातवीतलं कोणीतरी विचारत होतं,
बडग्या कशाचा करायचा?
आठवीच्या रांगेतून राजस म्हणाला,
"आहे ना एक."

बाहेर काढायला गेलो तर हलेना.
मागच्या वर्षी चौघं पुरले होते.
यंदा सात लागले,
आणि रेवनाथजी.