वहिवाट

एलिनेद प्रॉसर आली तेव्हा पायरी ओली होती.
तिने बूट दोनदा पुसले, मग तिसऱ्यांदा.
पिशवीतून दोन उतारे काढून टेबलावर ठेवले:
घर नंबर सात, तिचं.
घर नंबर आठ, एमरिसने मृत्युपत्रात तिला दिलेलं.
"दोन्ही आता माझीच ना,
मग एकच कागद करून टाका.
माझ्यामागे भाचीला दुहेरी हेलपाटे नकोत."

वेल्सच्या उत्तरेला, खाणीच्या उतारावर
ही बारा घरांची ओळ, पाटीच्या दगडाची छपरं.
दोघांच्या मध्ये एकच भिंत, नऊ इंची.
खोकला ऐकू जातो, शब्द नाही.
नकाशावर मात्र दोन लाल रेघा
इतक्या जवळ
की टोक केलेली पेन्सिलही मध्ये शिरू नये.

मी नेहमीचं सांगितलं:
मालक एक, सीमा लागून, गहाण नाही.
दोन मिळकतींची एक होईल,
एक क्रमांक राहील, दुसरा बंद.
"बंद म्हणजे?"
म्हणजे असेल, पण कोणी उघडणार नाही.
"त्याच्या स्वयंपाकघरासारखं," ती म्हणाली.

मग आठ नंबरची नोंद वाचली, कारण वाचावी लागते.
सन एकोणीसशे अकरा. आठ नंबरच्या धारकास
सात नंबरच्या मागील अंगणातून
पायी, बादलीसह, कोळसा आणण्याकरिता
सर्वकाळ जाण्यायेण्याची वहिवाट.

"सहाला यायचा.
कोळसा गेला, गॅस आला, तरी बादली घेऊन यायचा.
रिकामी.
मी कधी विचारलं नाही. हक्कच होता त्याचा."
एकतीस वर्षं.
ती खिडकीत बटाटे सोलत असायची,
तो टोपीला हात लावायचा.
थांबला असा एकदाच, बर्फात,
आणि तेव्हाही गटाराबद्दल बोलला.

मला सांगावंच लागलं.
मिळकत एक झाली की वहिवाट संपते.
स्वतःच्या जमिनीवरून जायला
स्वतःकडे वाट मागता येत नाही,
कायद्याला हसू येतं.
(हसू म्हणाले नाही मी. "संपुष्टात येते" म्हणाले.)

खाली बेकरीची गाडी मागे येत होती,
टीं टीं टीं.
ती थांबेपर्यंत एलिनेद बोलली नाही.
"तेवढी ओळ ठेवता नाही येणार?
खाली कुठेतरी, बारीक अक्षरात?"
नाही येणार.
मग तिने सही केली. फी मोजली, सुटे आधी.

जानेवारीत नवा उतारा आला.
एकच लाल रेघ, बाहेरून, दोन्ही घरांना कवेत घेऊन;
मधली भिंत नकाशाने विसरून टाकलेली.
टपालाने धाडता आला असता.
मी घेऊन गेले, मागच्या गल्लीने,
पुढच्या चढावर बर्फाची काच झाली होती म्हणून.

अंगण पांढरं, कडक.
फक्त फाटकापासून आठ नंबरच्या दारापर्यंत
एक पट्टा काळा, ओला, मीठ टाकलेला,
एक माणूस आणि एक बादली जाईल एवढा रुंद.

मी त्यावरून गेले नाही.
बाजूने, बर्फावरून,
भिंत धरून धरून गेले
आणि सात नंबरचं दार वाजवलं.