कमावलेलं

ताइस्तोने टॅक्सी आत घेतली तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं.
चाकांच्या खोबणीतला बर्फ माझ्या फरशीवर
दुपारपर्यंत वितळत राहिला.
"पुढची नको," तो म्हणाला. "मागची. उजवीकडची."
नवल वाटलं, कारण जास्त गेलेली त्याचीच सीट.
रोज चढता-उतरता मांडी घासते त्या कडेला
रंग उडून करडा धागा वर आलेला,
फोम आत बसलेला, बोळक्या गालासारखा.

कोण बसतं मागे?
आउने, म्हणाला. आठवड्यातून तीनदा.
केमियार्वीहून रोवानिएमी, पंच्याऐंशी किलोमीटर,
मग चार तास यंत्राला जोडलेली,
रक्त बाहेर, धुऊन परत आत,
आणि तेवढाच रस्ता माघारी.
दोन घोंगड्या दिल्या. हीटर सगळा सोडला,
मला घाम फुटतो, ती काकडतच.
"रक्त परत देतात, हिल्का," तो म्हणाला,
"ऊब ठेवून घेतात."

बाकडं उचकटलं. एक खिट्टी गंजून हट्टाला पेटली होती.
खाली ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचे कागद,
मार्काच्या जमान्यातलं एक नाणं,
लहान मुलाचा एकच हातमोजा.
नाणं ताइस्तोला दिलं. हातमोजा कुणाचा ते त्यालाही आठवेना.

कातडं कमावतात, असं म्हणतात.
कमावलेलं खर्चही होतं,
पाठीपाठीने, चिमूट चिमूट,
एकही प्रवासी आपण काय घेऊन उतरला ते जाणत नाही.

आधी धुतलं. फडकं सात वेळा काळं निघालं.
मग घासलं, भरलं, वाळू दिलं, पुन्हा घासलं.
रंग जुळवण्यात अख्खी सकाळ गेली,
कारखान्यातला तपकिरी नव्हे,
वीस हिवाळ्यांनंतरचा.
बाकीच्या भेगा जाळीसारख्या, बसण्याउठण्याच्या.
शिवणीपासून बोटभर अंतरावरची एकच वेगळी,
खोल, आणि कडा गुळगुळीत.
तिला चार थर लागले.
स्वतःच्या तोंडाने सांगते,
दाखवल्याशिवाय कुणाला सापडायची नाही.

हीटरची गादी म्हणजे काळं कापड, नुसतं कापड.
घडी घालायची नाही, टाका घालायचा नाही.
फोमवर चिकटवली, वर खोळ ओढली,
कड्या आवळताना अंगठ्याची साल गेली.
तार गालिच्याखालून नेली, वाटेत फ्यूज.
बटण ताइस्तोला आपल्या हाताशी हवं होतं.
मी ते मागच्या दारापाशी बसवलं.
थंडी तिची आहे.

तपासायला मीच बसले, कोट काढून, दार उघडं टाकून.
मिनिटभर काहीच नाही.
आपण फसलो असं वाटावं इतका वेळ काहीच नाही.
मग माकडहाडापाशी एक शंका,
मग खात्री,
मग उठवेना.
कॉफी गार झाली तरी मी तिथेच,
दुसरीच्या जागेवर, गाडी जागच्या जागी.

नवव्या दिवशी ताइस्तोचा फोन.
चालतंय ना?
चालतंय. पोळतं म्हणते. बंद करते, परत लावते,
बंद करते, परत लावते, सगळा रस्ता तेच.
मग?
मग म्हणते, माझी भेग कुठे गेली?

नखाने ती रोज उकरायची तिथे.
पहिल्या पुलापर्यंत इतकी,
कापलेल्या रानापर्यंत इतकी,
हॉस्पिटलची चिमणी दिसली की बोट बाहेर.
आता हात कुठे ठेवू, विचारते.

मला हसू आलं, आणि रागही.
चार थर.
म्हटलं, तिला सांग, उकरत राहा.
दोन हिवाळ्यांत नवी पडेल.

पलीकडे वायपर काच पुसत होते,
एकदा, दोनदा.
"दोन?" ताइस्तो म्हणाला. "दोन, असं वाटतं तुला?"

कातडं चांगलं आहे, मी म्हटलं.
मी कातड्याचंच सांगू शकते.