मांड खंयचो

बुधवारी काणकोणची शेवटची कदंब सुटली
की मडगावच्या स्टँडचा आवाज बदलतो.
झाडू लागतो. कुत्री आपापल्या जागा ओळखून घेतात.
आणि दुर्पत माझ्या रिक्षातून पेजेचं भांडं उतरवते,
कडेवर मूल घ्यावं तसं.

रिक्षा माझी, पेज तिची.
संस्थेचं म्हणाल तर एक रजिस्टर
आणि त्याला सुतळीनं बांधलेलं पेन.
पहिला रकाना नाव. दुसरा पत्ता.
दुसऱ्यापाशी माणसं झोपेचं सोंग घेतात.

लॉटरीच्या बंद दुकानाखाली एक म्हातारा असायचा.
दोन बुधवार मी त्याच्या तोंडावर बॅटरी मारली,
दोन्ही वेळा त्यानं पाठ केली,
आणि पाठीवर दिसली ती आकडी,
कमरेच्या दोरीला, लाकडाची, घासून गुळगुळीत,
कोयत्याविना.
पोलिसांनी ठेवून घेतलाय, चहावाला म्हणाला,
शहरात कशाला लागतो कोयता.

तिसऱ्या बुधवारी दुर्पतनं ती आकडी पाहिली
आणि माझ्या हातातली बॅटरी विझवली.
दोन हात लांब बसली, फरशीवर, लुगडं आवरून.
सुपारी कातरली. बराच वेळ नुसती कातरलीच.
मग त्याच्याकडे न बघता,
रस्त्याला विचारावं तसं:
"तुजो मांड खंयचो?"

घर नव्हे. गाव नव्हे.
मांड. जिथं शिगम्याचं पहिलं घुमट वाजतं,
पौषात बायका धालो खेळतात,
जिथं पायात चप्पल घालून कोणी जात नाही.
कुमेर बंद झाली, रान सरकारचं झालं,
घराघरावर नोटीस लागली,
मांडावर तेवढी नाही लागली;
चिकटवायला भिंतच नाही त्याला.

पांघरुणातून आवाज आला,
दहा वर्षांच्या पोराचा वाटावा असा:
"फणसमळचो. व्हाळाच्या पलतडीं."

मग बुधवंत कोण, तो वारला का,
कुणाची मावळण कुठं दिली,
कुणाच्या लग्नात कुणी भांडण काढलं.
नात्याचा हिशेब लागेपर्यंत पेज निवली.
निघालं असं की तो दुर्पतच्या नणंदेच्या दिराचा मामा.
तेव्हा कुठं उठून बसला. बुदो त्याचं नाव.
बुधवारचा जन्म.

वाटी घेतली, खारा बांगडा बाजूला सारला,
आधी पेज चाखली.
"मीठ उणें."

दुर्पत हसली, तोंडावर पदर धरून.
सहा वर्षांत आमच्या भांड्याला
कुणी नावं ठेवली नव्हती.

पत्त्याच्या रकान्यात मी लिहिलं:
मांड, फणसमळ, व्हाळाच्या पलीकडे.
ऑफिसातल्या पोरीनं त्याला लाल गोल केला.

निवाऱ्यात तो आला नाही.
तिथं रात्री दार बाहेरून लावतात, म्हणाला.
गावी सोडतो म्हटलं तर गप्प.
कोयता मात्र मागितला.
तीनदा गेलो आम्ही चौकीवर,
चौथ्यांदा हवालदार बदलला होता.

शिगम्याआधी स्टँड धुतला, कुणी मोठे पाहुणे येणार होते.
लॉटरीच्या दुकानाखाली घडी केलेलं पांघरूण,
वर आमची वाटी, घासून उपडी.
चहावाल्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले.

आता तिथं एक बाई बसते,
हातात सांग्याच्या दवाखान्याची जुनी पिशवी.
काल दुर्पत तशीच लांब बसली,
सुपारी काढली, तेच विचारलं.

"मांड ना," बाई म्हणाली.
खाणीच्या मातीखाली गेला.
वर ट्रक फिरायचे. आता तेही फिरत नाहीत.

अडकित्ता थांबला.
दुर्पतला शब्द सुचत नाही असं मी पाहिलं नव्हतं.
कुठल्यातरी बसमध्ये क्लीनर रेडिओ शोधत होता,
नुसती खरखर.

मग तिनं वाटी भरली. फरशीवरून
हळूच पुढं सरकवली.
"चाखून पळय गो," म्हणाली,
"मीठ पुरो?"