एक हजार बारा

बादली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात,
चुलीपासून दोन हात लांब,
त्रीनूच्या जुन्या स्लीपिंग बॅगेत गुंडाळून ठेवलेली.
पोरगी तिकडे औलूच्या गोदीत वेल्डिंग करते,
तिची ऊब इकडे बार्लीच्या पाण्याला.

पहिल्या रात्री झाकणावरच्या नळीतून
गुडुक.
मी खुर्ची ओढून बसलो.
गुडुक. बावीस सेकंद. गुडुक.
फेरीबोटीवर सव्वीस वर्षं गाड्या मोजतोय,
इतकं जीव लावून एकही मोजली नाही.

दुसऱ्या रात्री नऊ सेकंदांवर आलं.
तिसऱ्या सकाळी राहवलं नाही,
झाकण उचलून डोकावलो, नुसतं डोकावलो:
तपकिरी फेसाची दाट साय,
जुनिपरचा वास, आणि नाकात चढणारी झिणझिणी.
परत झाकलं. कामावर गेलो.

संध्याकाळी गुडुक नाही.
रात्री नाही.
बाहेर उणे अठरा, सामुद्रधुनी गोठत चाललेली,
आणि घरात ती नळी,
मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखी
पाणी धरून स्वस्थ.

मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही.
बादली चुलीजवळ सरकवली, मग भिऊन लांब नेली.
हलवली.
तिची माफी मागितली.
पहाटे तीनला उठून टॉर्च मारला.
शेवटी ऊर्वेला बोलावलं.

ऊर्वे बुटांवरचा बर्फ न झटकताच आत आली.
नळीकडे तिनं पाहिलंही नाही,
तिच्या पिंपाला कधी नळी नव्हतीच,
बेकरीतलं यीस्ट आणि वर एक फडकं, एवढाच कारभार.
टोपी काढली, गुडघ्यांवर बसली,
बादलीला कान लावला,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा.
"बोलतंय की," म्हणाली.
मीही कान लावला.
सुरसुर. बारीक, न थांबणारी,
मार्चमध्ये बर्फाखाली शेवाळ पाणी पितं तशी.

तरी मला आकडा हवा होता.
काचेची उभी नळी उकळत्या पाण्यातून काढली,
घोटभर द्रव तिच्यात ओतला, हायड्रोमीटर सोडला,
चिमटीत धरून फिरवला,
अंगाला चिकटलेले बुडबुडे सुटू दिले,
आणि डोळा पातळीवर आणायला
टेबलापुढे असा वाकलो
की ऊर्वे हसली: "चर्चमध्ये तरी वाकतोस का इतका?"
सुरुवातीला एक हजार बावन्न होता.
आता एक हजार चोवीस.

म्हणजे सगळा वेळ चालूच होतं.
मग वारा मुरतोय कुठे?
तिनं साबणाचं बोट झाकणाच्या कडेवरून फिरवलं,
मागच्या बाजूला, भिंतीकडे,
एक फुगा आला, फुटला, दुसरा आला.
"कोणी उघडलं होतं का रे?"
मी कॉफी ठेवायला उठलो.

तळव्यानं दाबलं. टक.
अकरा सेकंदांनी गुडुक.

त्रीनूचा फोन रविवारी येतो.
दोन रविवार आला नव्हता.
मी आधी तिला तीनदा लावला,
मग तिच्या मैत्रिणीला,
मग, देवा, तिच्या मुकादमाला.
त्यावर तिचा मेसेज: बाबा, मी बत्तीस वर्षांची आहे.
पुढे काही नाही.
तो मेसेज मी ऊर्वेला दाखवला नाही.
तिनं साबणाचं बोट पुढे केलं असतं.

बुधवारी एक हजार बारा.
गुरुवारी बारा.
शुक्रवारी पुन्हा बारा, केसाचाही फरक नाही.
तीन दिवस तोच आकडा म्हणजे झालं, आता बाटल्या धुवायच्या.
नमुना फेकवेना. प्यायलो.
कोमट, बिनफेसाचा, शेवटी थोडा कडू,
पावाच्या जळक्या कडेसारखा.
वाईट नाही.
चांगला म्हणायला अजून दोन आठवडे आहेत.

स्लीपिंग बॅग सोडवून खिडकीत टाकलीय.
आंबूस वास येतोय तिला.
ती ईस्टरला येईल, येईलही,
तोवर धुवावी,
की असू द्यावी, ठरत नाही.